तुझ्या हातातली बॅग

प्रिय ग्रंथपालबाई,

ताईकडे नीट पोचलीस, प्रवासात हातावर ती दाब देणारी बाही घातली होतीस, हे फोनवर कळलं. तरी पत्र लिहितोय. जन्मभर बस चालवलेल्या माणसाचं अक्षर आहे, खड्डे सांभाळून वाच.

ऑपरेशनला वर्ष झालं आणि तुझा उजवा हात सुजू लागला. स्तनाबरोबर काखेतल्या गाठीही काढल्यात, त्यामुळे हातातलं पाणी नीट वर सरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. कॅन्सरचं कळलं तेव्हा तू नाही, मीच रडलो होतो. या वेळी रडण्याऐवजी मी पहाराच सुरू केला. बादली मी उचलणार, पिशवी मी धरणार, जड पातेलं मी उतरवणार. तू अर्ध्या किलोची डंबेल्स आणलीस, ती मी हत्यारांच्या पेटीत लपवली. "हात सुजलाय माझा, मोडीत नाही निघाला," एवढंच म्हणालीस आणि दोन दिवस अबोला धरलास.

तिसऱ्या दिवशी मला फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे ओढत नेलंस. मला वाटलं, त्या माझीच बाजू घेतील. त्यांनी टेपने तुझ्या दोन्ही हातांची मापं घेतली आणि मला म्हणाल्या, "काका, नुसता जपून ठेवला तर हात आणखी अशक्त होईल. स्नायू हलले की साचलेलं पाणीही सरकतं. फक्त घाई नको." ती दाब देणारी बाही घालायची, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात, हात ठीक राहिला तरच पुढचं वजन. जड किंवा ताणल्यासारखा वाटला तर थांबून त्यांना विचारायचं. लाल, गरम झाला किंवा ताप आला तर तडक डॉक्टर. मी हे सगळं गाड्यांच्या वेळापत्रकासारखं पाठ केलं. घरी आल्यावर डंबेल्स गुपचूप टेबलावर ठेवली. तू हसली नाहीस, पण चहा दोघांचा केलास.

मग रोज सकाळी तू हात उचलायचीस आणि मी मोजायचो. तुला लवकर सोडवावं म्हणून मी आठवरून थेट दहावर जायचो आणि तू पकडायचीस. मध्ये तापामुळे पंधरा दिवस खंड पडला, तर पुन्हा पहिल्या वजनापासून सुरू केलंस. कुरकुरलो मी, तू नाही. परवा स्टँडवर तुझी बॅग तूच उचलून गाडीत ठेवलीस, उजव्या हाताने. मी पुढे केलेला हात मागे घेतला. बरंच वाटलं गं.

आता जे तोंडाने सांगता येत नाही ते. मागच्या सहामाहीत तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला होता, तू कामावर परत कधी येणार ते विचारायला. तू झोपली होतीस. मीच सांगून टाकलं, ती आता येणार नाही, पुस्तकांचे गठ्ठे तिला झेपायचे नाहीत. शाळा मला विसरली, असं तू म्हणत राहिलीस आणि मी तुला तसं म्हणू दिलं. काल शाळेत जाऊन सगळं कबूल केलं. बाई म्हणाल्या, "अहो, हे तिला विचारायचं होतं." तुझ्या जागी अजून कोणी नाही; मुलंच कपाटं लावतात आणि नकाशे कवितांमध्ये सापडतात म्हणे. सोमवारी बाई तुला फोन करतील. हो म्हणायचं की नाही, ते तूच ठरव. उत्तर देताना माझी चूक तुला माहीत असावी, म्हणून हे पत्र आजच टाकतोय.

तुझाच,
चुकलेला बसवाला