हॉट, कोल्ड आणि बाबांची टोपी

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. फक्त गाडीसंबंधी. भावना नकोत.
आठ मार्चला गावी, पालीच्या पुढे, आमच्या अंगणात शिमग्याची पालखी येणार. बाबा दरवर्षी याच मोटरसायकलवर आईला मागे बसवून न्यायचे आणि अंगणात पालखी खांद्यावर घ्यायचे. गेल्या वर्षी ते गेले, म्हणून शिमगा नव्हता. यंदा खांदा माझा. आईला शब्द दिलाय, बाबांच्याच गाडीवरून नेईन.
अडचण एकच. गाडी मध्येच बंद पडते. निदान मी केलं आहे: स्पार्क प्लग. एका संध्याकाळचं काम.

१७ फेब्रुवारी.
एका संध्याकाळचं नाही. अकरा व्हिडिओ पाहिले. प्लगमध्ये हॉट आणि कोल्ड असे दोन प्रकार. म्हणजे फिरून सगळं उष्ण-थंडावरच आलं. आमच्या गाडीला उष्णता झाली आहे. तापते, धापा टाकते, बसते. आंबे जास्त झाले की माझंही असंच होतं. कोल्ड प्लग मागवला.
आईने पुन्हा तेच सांगितलं, की बाबा निघताना टोपी दाबून बघायचे. बाबांची पांढरी टोपी कधी वाकडी दिसली नाही, हे खरं. बिचारीला आठवण येते. विषय बदलला.

२१ फेब्रुवारी, शनिवार.
कोल्ड प्लग बसवला. पहिल्या किकला सुरू. मारुती मंदिरापर्यंत दोन फेऱ्या. बायकोला, वेदिकाला, सांगितलं की मेकॅनिक लोक उगाच भाव खातात.

२२ फेब्रुवारी.
भाट्याच्या पुलावर बंद. अर्धा पूल ढकलत. वेदिका दोन्ही हेल्मेटं घेऊन मागून चालत होती. 

२४ फेब्रुवारी.
प्लग काळाठिक्कर. काशीराम मेस्त्रीला फोन केला. बाबांच्या वेळेपासून गाडी तोच बघायचा. म्हणाला, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला कोल्ड प्लग घातल्यावर काजळी धरणारच. कंपनीचा साधा प्लग परत लावा आणि गाडी दाखवायला आणा.
त्याने व्हिडिओ पाहिलेले नाहीत. गाडी कोणालाही दाखवायची नाही. ठराव.

२६ फेब्रुवारी.
नवीन विचार. कोल्ड चुकला, म्हणजे ती उष्णता नव्हेच. सर्दी. समुद्राची दमट हवा, दुसरं काय. हॉट प्लग बसवला. पहिल्या किकला सुरू. ऑफिसला राजासारखा गेलो.
येताना स्पीडब्रेकरवर बंद. रिक्षावाला हसला. नंबर टिपून ठेवला आहे.

१ मार्च, रविवार.
आता इरिडियमचा महागडा प्लग. प्लगच्या टोकांमधली गॅप मोजायचं साधन नाही, म्हणून वेदिकाचं लायब्ररीचं कार्ड वापरलं. कार्डाला काळं लागलं. पहिल्या किकला सुरू, चौथ्या खड्ड्याला बंद.
वेदिकाने विचारलं, गाडी प्लग बदलल्यामुळे सुरू होते, की तुम्ही तिथे काहीतरी काढता-घालता म्हणून. तांत्रिक विषयात तिला गती नाही. समजावून सांगितलं. ती कणीक मळत राहिली.

५ मार्च.
तीन टोकांचा प्लग. कालपासून गाडी एकदाही बंद पडली नाही. बाहेरही काढलेली नाही. विश्रांती हवी.

७ मार्च, शनिवार.
तयारी पूर्ण. बॅगेत चार प्लग, फडकं, बाबांची टोपी. चुलतभाऊ अजिंक्य मुंबईहून गावी पोचला. फोनवर म्हणाला, पालखी अकराला अंगणात, ती कोणासाठी थांबायची नाही. हे मला शिकवतो.
वेदिका म्हणाली, साडेनऊच्या एसटीने मी जाणारच आहे, आईंनाही नेते. आईच नको म्हणाली. मुलाने शब्द दिलाय. फक्त निघताना टोपी दाब. दाबीन म्हटलं.

८ मार्च. सकाळी ७.४०.
आईसमोर उभं राहून बाबांची टोपी डोक्यावर घातली आणि दोन्ही हातांनी दाबली. आई बघतच राहिली. गहिवरली असावी. काहीतरी म्हणत होती, पण गाडी सुरू झाली होती. टोपी खिशात, हेल्मेट डोक्यावर.

८.२५. हातखंबा.
खड्डा. बंद. हरकत नाही, चार प्लग आहेत.

८.३०.
प्लगपाना घरी राहिला.

९.२०.
किक मारून मांडी भरली. शिमगा, त्यात रविवार, एकही गॅरेज उघडं नाही. आई दगडावर बसली आहे. पुन्हा म्हणाली, टोपी दाब. खिशातून काढली, घातली, दाबली. ती म्हणाली, "ती नव्हे रे." मी म्हटलं, आई, आता बाबांचा विषय नको. जरा ओरडूनच म्हटलं.

१०.०५.
वेदिकाची एसटी. हात केला, थांबली. आई चढली. दोघी म्हणाल्या, तूही चल, गाडी राहू दे. मी म्हटलं, दहा मिनिटांत मागोमाग येतो. बाबांची गाडी रस्त्यावर टाकून कसा जाऊ.
खरं म्हणजे एसटीतून उतरताना अजिंक्यने बघितलं असतं.

९ मार्च, सोमवार.
काल सव्वाएकला पोचलो. टेम्पोतून, गाडीसकट. अंगणात गुलाल आणि नारळाची शकलं. पालखी वरच्या वाडीत गेलेली. खांदा अजिंक्यने दिला. त्याने काही चिडवलं नाही. माझ्यासाठी खोबरं ठेवलं होतं. खिशात टाकलं, टोपीशेजारी.
आज टेम्पोनेच परत आणून काशीरामकडे गाडी नेली. त्याने प्लगला हातच लावला नाही. अंगठ्याने प्लगच्या वरची ती काळी रबरी टोपी दाबली. टक. किक मारली. सुरू.
"टोपी आतून सैल झालीय, भाऊ. हादरा बसला की वर येते. बाबा तुमचे निघताना दाबून बघायचे. आईनी सांगितलं नाय?"
सांगितलं होतं, म्हटलं.
नवी टोपी, आणि प्लग बाबांच्या वेळचा. डब्यात टाकला होता.
घरी आल्यावर आईला विचारलं, पालखी चांगली नाचली का. नाचली असेल, म्हणाली. ती सगळा वेळ रस्त्याकडेच बघत होती.