बाई उत्तर देत नाहीत

३ फेब्रुवारी, सोमवार
नव्या घरातला पहिला दिवस, आणि चक्क बरा गेला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, तिसरा मजला, पूर्वेची खिडकी. सामानवाल्यांना वाटलं म्हातारा एकटा आहे, कपाट वाकडं ठेवलं तरी खपेल. खांदा लावून सरळ करून दाखवलं, तेव्हा कुठे बाकीचं नीट लावलं. चाळीस वर्षं पंप दुरुस्त केले. आधी दुसऱ्याच्या वर्कशॉपात, फरशी पुसण्यापासून, मग स्वतःच्या. पंप उघडायच्या आधी नुसता कान लावून सांगायचो, बेअरिंग गेलंय की आणखी काही. गिऱ्हाईकं आपसात पैजा मारायची. सवयीने इथल्या भिंतीलाही कान लावला. घर एकदम गप्प. नळ नाही, शेजार नाही, काही नाही. एजंट म्हणाला, शांतता हवी होती ना काका? हवी होती खरी.
वर्कशॉपात दिवसाची नोंद ठेवायचो. ती खोड जात नाही, म्हणून ही वही.

५ फेब्रुवारी, बुधवार
आज समुपदेशक बाईंकडे पहिली भेट. ही लेकीची अट: आधी तिथे जा, मग मी येते. बायको जाऊन आठ महिने झाले, आणि तेव्हापासून लेक माझ्याशी कामापुरतं बोलते. बाई वयाने लहान, पण पक्क्या. प्रश्न विचारून गप्प बसतात, मग आपणच बोलत सुटतो. तरी मुख्य गोष्ट मी गिळलीच. त्यांनी ताडलं असावं. म्हणाल्या, दोन भेटींच्या मधे काही सांगावंसं वाटलं तर ईमेल करा. मी भेटीच्या आदल्या दिवशी वाचेन, पण उत्तर देणार नाही, जे बोलायचं ते समोरासमोर. उत्तराची वाट बघू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं. असा चोख माणूस मला आवडतो.

८ फेब्रुवारी, शनिवार
माझी बोटं जाड, फोनवरची अक्षरं मुंगीएवढी. जावयाने मागे शिकवलं होतं, माइकचं चित्र दाबा आणि बोला, फोन लिहून घेतो. हॉलमध्ये सवयीने डावी चप्पल घासत येरझाऱ्या मारल्या आणि बाईंच्या ईमेलमध्ये मोठ्याने सगळं बोलून टाकलं. त्या दिवशी बायकोचा फोन आला होता. मी तो पाहिला. हात ग्रीसने माखलेले, समोर गिऱ्हाईक उभं. कोपराने कट केला. ती बाथरूममध्ये पडली होती. लेकीला सांगितलं, मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं नाही म्हणे! तेव्हा ती ज्या नजरेने बघत होती, ती अजून तशीच आहे. तेवीस तारखेला ती येतेय. खरं काय ते तिला माझ्या तोंडाने सांगायचंय. मग ती बोलो, न बोलो.
पाठवलं, छाती हलकी झाली. चहा घेऊन आलो तर उत्तर हजर: ‘आणखी बोला.’

१० फेब्रुवारी, सोमवार
बाईंनी स्वतःचाच नियम मोडला, पण मी कशाला तक्रार करू? रोज एक ईमेल बोलतो, मिनिटाच्या आत उत्तर येतं, त्यात नवा प्रश्न. बायको हाक कशी मारायची? रागावलात की कसं बोलता? लेकीला लहानपणी काय म्हणायचात? ठकू म्हणायचो, सांगितलं. एक खटकतं. समोर बसल्यावर बाई असल्या चौकश्या करत नाहीत.
घसा बसलाय. हवा बदलली, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी, बुधवार
दुसरी भेट. उत्तरांबद्दल आभार मानले, तर बाईंनी पेन खाली ठेवलं. तुमचे ईमेल आले, वाचले, पण मी एकाही ईमेलला उत्तर दिलेलं नाही, म्हणाल्या. फोन पुढे केला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि मऊ आवाजात विचारलं, ही उत्तरं तुमच्याच पत्त्यावरून तुम्हाला आलीत, हे लक्षात आलं का तुमच्या?
असा मऊ आवाज मी ओळखतो. बायको गेल्याचं सांगताना डॉक्टर असाच बोलला होता.

१३ फेब्रुवारी
वेड लागायला माझ्याकडे वेळ नाही. कुणीतरी खोडी काढतंय. जावई? पासवर्ड त्यानेच लावून दिला. एजंट? दुसरी किल्ली ठेवली असेल. की बाईच माझी परीक्षा बघतायत? वर्कशॉपात चोर धरायची माझी एक रीत होती, खोटं बोलायचं आणि कोण दचकतं ते बघायचं. फोनवर बोलून लिहिलं, उद्या लेकीकडे कायमचा राहायला जातोय. लगेच उत्तर: ‘नाही जाणार.’
मग अर्धा तास खपून दुसरा ईमेल बोटांनी लिहिला, तोंडातून हूं की चूं न काढता. त्याला उत्तर नाही. दुपार गेली, संध्याकाळ गेली, नाहीच.
म्हणजे जे कोण आहे ते वाचत नाही. ऐकतं.

१४ फेब्रुवारी
कुलूप बदलून घेतलं. फोन खाली किराणावाल्याकडे ठेवला, म्हणालो जरा चार्जिंगला लाव. तो हसला, काका, तुमचाच चार्ज उतरलाय, आवाज कुठे गेला? वर आलो. रिकाम्या हॉलमध्ये एकच वाक्य बोललो: कोण आहेस तू?
खाली जाऊन फोन घेतला. त्यात आलं होतं: ‘आता थोडाच उरलाय.’

१७ फेब्रुवारी
घशाच्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं. घसा स्वच्छ आहे म्हणतो. माझ्या तोंडून मात्र नुसती हवा निघते.
सामान तिथेच टाकून लॉजवर आलो. लेकीला बोटांनी लिहिलं, घरी येऊ नकोस, लॉजवर भेट.

१९ फेब्रुवारी
सगळं कागदावर लिहून बाईंकडे गेलो. बाहेरच्या टेबलावरच्या मुलीने आत सोडलं नाही. म्हणाली, काल तुम्हीच फोन करून पुढच्या सगळ्या भेटी रद्द केल्यात की. किती छान बोललात. आता गरज उरली नाही म्हणालात.
काल मी —
मला तर बोलताच येत नाही.

२१ फेब्रुवारी
लेकीचं उत्तर आलं. उतरवून ठेवतो.
‘बाबा, सकाळी तासभर फोनवर बोललात, तेव्हा तर घरीच ये म्हणालात. आईच्या फोनचं तुम्ही आपणहून सांगितलंत. खूप रडले. पण राग गेला, खरंच. किती दिवसांनी ठकू म्हणालात. रविवारी येते.’
माझी माफी दुसराच कुणी घेऊन गेला.
लिहिलं, तो मी नव्हतो. तिचं उत्तर: ‘झालं ना आता बाबा? सांगितलेलं मागे का घेताय?’

२३, रविवार. सकाळी नऊ
ती दहाला येणार. तिला जिन्यातच गाठायचं, ही वही हातात द्यायची. घराखाली पोचलो तर किराणावाला माझ्याकडे बघतच राहिला. म्हणतो, काका, लेक लवकर आली ना, आत्ता तर तिची बॅग घेऊन वर गेलात.

दारासमोर
किल्ली फिरते, दार उघडत नाही. आतून कडी आहे. कान लावला. कपबश्या. ठकू हसतेय — आठ महिन्यांत हे ऐकलं नव्हतं. आणि मी बोलतोय. माझाच आवाज, ठणठणीत. आईची गोष्ट सांगतोय, मला जमली नसती इतकी छान —
दार ठोकलं. तिने विचारलं, कोण आहे बाबा?
‘एक मुका आहे बिचारा. रोज येतो. उघडू नकोस.’

वहीचं पान फाडून दाराखालून सरकवलं. ती म्हणाली, चिठ्ठी आहे काहीतरी.
‘वाचू नकोस. दे इकडे.’
कागदाचा आवाज. दिली.

आणखी एक. ठकू, अक्षर तरी ओळख. फोन मी पाहिला होता. मी कट केला, मी, हा बाहेरचा —

कडी काढतायत. पावलं तिची नाहीत. माझी आहेत. डावी चप्पल घासत