नळ उघडाच राहू द्या

पपा,

मी सकाळच्या पाळीला चाललेय. तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही.

धुण्याच्या मशीनमध्ये पाणी इतकं हळू का भरतं, ते सापडलं. मशीन बिघडलेलं नाही. काल मी तुम्हालाच बोलले, कपडे कोंबता म्हणून. चुकलं माझं. नळी कुठे मुडपलेली नव्हती. तिच्या तोंडाची जाळी क्षाराने बुजली असेल म्हणून उघडून बघितली, तर तीही स्वच्छ. मग नळाखाली बादली लावली, तर करंगळीएवढी धार. नळ जेमतेम पाव फेरा उघडला होता.

धुणं झालं की नळ बंद करायचा, हा आईचा नियम. ती गेल्यावरही तुम्ही तो पाळताय, हे ठाऊक आहे मला. पण तो नळ फार घट्ट झालाय. मी पूर्ण उघडून ठेवलाय, आता त्याला हात लावू नका. गळती झाली की पाणी आपोआप अडवते अशी नळी आणून जोडलीय. आईने हरकत घेतली नसती.

धुणं आजच लावा. उद्या रविवार, इमारतीत आवाज करायचा नाही; मशीन ऐकू आलं, तर खालच्या मजल्यावरच्या फ्राउ टेसमर जिना चढून भांडायला येतील.

मंगळवारी डॉक्टरांकडे मीही येतेय. रजा टाकलीय, नको म्हणू नका.

फ्रिजमध्ये बटाट्याचं सॅलड आहे. काकडीच्या बरणीचं झाकण सैल करून ठेवलंय. तेही फार घट्ट होतं.

वीब्के