न पाहिलेली पाठ

आये,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता मला डोळे मिटावे लागतात. तुझा एक प्रश्न मात्र न बोलावता ऐकू येतो. गवत कापून आलीस की भारा गोठ्यापाशी टाकायचीस, साडी दाराबाहेरच झटकायचीस, कढत पाण्याने आंघोळ करायचीस आणि ओल्या केसांनी माझ्यापुढे पाठ करून बसायचीस. "बघ गं, गोचीड हाय का कुठं?" गुडघ्यामागे, काखेत, कंबरेच्या घडीत तू स्वतः चाचपलेलं असायचं. पाठ तेवढी माझ्या वाट्याची. गोचीड सापडली तर नखाने चिरडायची नाही, विडीचा चटका द्यायचा नाही, कातडीला लागून चिमटीत धरायची आणि सरळ ओढून रॉकेलच्या वाटीत टाकायची, हे तूच मला शिकवलंस. गवतात जाताना साडीवर बाबाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट चढवायचीस, पायांना करंजाचं तेल चोपडायचीस. बायका हसायच्या. "हसूंदे. म्हशीला शेपूट हाय, मला काय हाय?" असं म्हणून तू विळा उचलायचीस.

मी दहावीत होते. माझ्या कपड्यांना शेणाचा वास येतो असं भिवंडीच्या शाळेत एक मुलगी म्हणाली होती, आणि तेव्हापासून मला गोठ्याचं काहीच नको झालं होतं. तुळशीचं लग्न उरकून गावात हळदी सुरू झालेल्या. त्या संध्याकाळी शेजारच्या दारात बँजो वाजायला लागलेला, मी नवा ड्रेस घालून निघालेली, आणि तू पाठ करून बसतेस. मी चपला घालत असते. तुझ्याकडे न बघताच म्हणते, "न्हाय काय." तू विचारतेस, "नीट बघितलंस ना?" "बघितलं गं आये, काय बी न्हाय." तू पदर ओढून घेतेस. तुझा माझ्यावर विश्वास बसतो.

आठ-दहा दिवसांनी तुला ताप भरला. डोकं फुटतंय म्हणायचीस, उजेड नको म्हणायचीस. गावातल्या डॉक्टरने मलेरियाच्या गोळ्या दिल्या, मग टायफॉइड असेल म्हणून सलाईन लावली. कपडा वर करून तुझी पाठ कुणीच बघितली नाही. कुणी विचारलं असतं तर तूच सांगितलं असतंस, पोरीने बघितलीय. बाबाने तुला रिक्षात घालून भिवंडीला नेलं तेव्हा तू आम्हाला ओळखत नव्हतीस. दोन दिवसांनी तू गेलीस. शेवटची आंघोळ घालताना काकी म्हणाली, "ह्ये काय गं, कुठं भाजली व्हती का?" उजव्या खांद्याखाली काळी खपली होती, विडी विझवल्यासारखी. त्या दिवशी मी तुझी पाठ नीट बघितली. ते काय होतं ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचंही नव्हतं.

आता मी भिवंडीजवळच्या वळ गावात एका गोदामात पॅकिंगला आहे. यंदा पावसानंतर कंपाउंडमधलं गवत कमरेएवढं वाढलं, ते काढायला ठेकेदाराने पाच बायका आणल्या. पायात स्लीपर, हात उघडे. मी रोज सांगायचे, मोजे घाला, बाह्या खाली करा, गवतावर बसून जेवू नका, घरी गेल्यावर अंग बघा. त्या हसायच्या. त्यातलीच एक, कापडाच्या लूमवर काम करणाऱ्याची बायको, काही दिवसांनी तापाने फणफणत आली. "कुछ नहीं दीदी, मलेरिया है, गोली खा रही हूँ." मी तिला आडोशाला नेलं आणि न विचारता तिची पाठ उघडी केली. कंबरेच्या वर काळी खपली. अगदी तशीच. अर्धी शिफ्ट टाकून मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई खपली बघून म्हणाल्या, "गोचीड नाहीतर गवतातला बारीक किडा चावला की असा डाग पडतो, आणि त्याचाच हा ताप. बरं झालं पाहिलंत." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला.

मी पुन्हा एकटीच त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. विचारलं, "तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ही गोळी मिळायची का हो?" "मिळायची की. जुनीच गोळी आहे, साधी. का?" मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

इतकी वर्षं मी एवढंच धरून होते आये, की बघितलं असतं तरी तू गेलीच असतीस. आता तेही उरलं नाही. बाबा मरेपर्यंत मलेरियाला शिव्या देत राहिला आणि मी त्या ऐकत राहिले. त्याला सांगायला हवं होतं. आता माफी मागायला कुणी नाही, आणि मागून मिळेल असंही काही नाही. हा कागद टाकायला तुझा पत्ताही नाही.

परवा ती बाई बरी होऊन कामावर आली. डब्यात माझ्यासाठी शेवया आणल्या होत्या, मुलगी तिच्या अंगाला चिकटून उभी. "आपने जान बचाई, दीदी," म्हणून ती वाकली. मी तिला उठवलं, हसले, तिच्यासमोर शेवया खाल्ल्या. गोदामातल्या सगळ्यांनी मला शाबासकी दिली. हे त्यांना कुणाला सांगणार नाही, तुला सांगते. ती वाचली याचा त्या क्षणी मला राग आला होता.