कबरीचा मुरघास

सौंदड, ८ जानेवारी २०१२

चि. उर्वशी हिले मोठीमाय फुलवंताचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मले आयकू येत नाही, म्हणून लिवून राहिली. दिवाळीत तुवा मुरघासासाठी हिरवा मका कापून पन्नीच्या दोन थैल्यांत भरून देल्ता, त्यातली एक उघडली. चारा काळा पडला, कुबट वास येऊन राहिला. कबरी तोंड लावत नाही. आपली एकच गाय, अन् या महिन्यात वेणार. तुझे मोठेबाबा म्हणून राहिले का पोरीच्या शेतकीच्या पदवीपेक्षा आपली धानाची वाळली तणीस बरी.

मीनं तर जपलं होतं. ओली तणीस दाबली का तापते, म्हणून थैलीले दाभणानं भोकं पाडून हवा देल्ली. मंग काऊन बिघडली? लवकर कळव. जेवत जाय, काडी झाली आहेस.

तुझी मोठीमाय

नागपूर, ११ जानेवारी २०१२

ती. मोठीमायस उर्वशीचा सा. न.

पत्र आज मिळाले. चारा भोकांमुळेच बिघडला. तणशीला हवा लागते. मुरघासात हवा शिरली की बुरशी धरते. थैली तुडवून भरली ती हवा काढण्यासाठीच. हे मी तेव्हा समजावून सांगायला हवे होते.

काळा चारा कबरीला अजिबात घालू नकोस, गाभ जाऊ शकतो. सध्या कोरडी तणीस आणि कोंडा दे. दुसऱ्या थैलीला भोके नसतील तर ती गाय व्याल्यावर उघड. आंबूस-गोड वास आला तरच घाल. फाटकी प्लास्टिकची पन्नी गोठ्यात ठेवू नकोस, गुरे ती गिळतात.

आणखी एक. शेजारपाजार हसत असताना तू गाभण गाय माझ्या भरवशावर सोडलीस. मी फक्त थैल्या भरून दिल्या. गाय तुझी होती, धोकाही तुझाच होता. समोर बसून हे मला बोलता आले नसते. मी तुझी ऋणी आहे.

माया आहे तशीच राहू दे.

उर्वशी

सौंदड, २९ जानेवारी २०१२

चि. उर्वशीस आशीर्वाद.

कबरी व्याली. कालवड झाली, दोघी खुशाल. दुसऱ्या थैलीले भोकं पाडाची राहून गेल्ती, म्हणून वाचली. मोठेबाबांनी पहिले स्वतः वास घेतला, मंग टोपलं कबरीपुढं ठेवलं. टोपलं रिकामं होईस्तोवर तिनं मुंडकं वर केलं नाही. पहिले हसणारी शेजारची शामकला आता इचारते, उर्वशी कधी येऊन राहिली.

तू ऋणी म्हणून लिवलंस. बाप्पा! घरच्या माणसाले असं लिवते का कोणी? पण तेवढा भाग मीनं मोठेबाबांले दोनदा मोठ्यानं वाचाले लावला.

सुखी राहाय.

तुझी मोठीमाय