खळीतला साबण

प्रिय धाकटे,

दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केलेला, बादलीत कपडे भिजलेले, कुंड्यांना पाणी घालायचं राहिलेलं, आणि तुझा दादा बेसिनपाशी ओरडतोय, "अगं, गरम पाणी आणतेस की मी म्हातारा होऊ?" अशी एक सकाळ. तिच्यात विशेष काही घडलं नाही, म्हणूनच बहुधा तीच सारखी आठवते. मी गरम पाण्याचा मग नेऊन दिला. खिडकीजवळच्या खुर्चीत आबा गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसले होते. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून आधी त्यांची दाढी, मग स्वतःची, हा दादाचा नेम. हनुवटीपाशी आला की म्हणायचा, "आबा, तुमच्या या खळीनं माझी किती पाती खाल्ली!" आबा ओठ न हलवता पुटपुटायचे, "तुला फुकटात मिळाली आहे ना तीच? मग तक्रार कसली?" दोघांची खळी अगदी एका साच्यातली. कितीही तोंड धुतलं तरी दोघांच्याही खळीत साबणाचा ठिपका उरायचाच. दादाचा मी टॉवेलच्या टोकानं टिपायचे, आणि आबांना नुसती खूण करायचे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू आधी बोलतेस आणि मग मी गप्प होते. लिहिताना तू मध्ये बोलू शकत नाहीस! तुझ्याच शाळेच्या जुन्या पुस्तकांवर मी वाचायला शिकले, त्यामुळे चुका दिसल्या तर त्या निम्म्या तुझ्या.

दादाचं वेड तुला ठाऊक आहेच. भंगारवाल्याकडून, जुन्या बाजारातून गंजलेले रेझर उचलून आणायचे, आणि माझ्या भांड्यांच्या जाळीत वाळत घालायचे. पण त्याचा पहिला रेझर घरातलाच होता, आबांचा. मूठ जड, पितळावर चकाकीचा मुलामा चढवलेली, आणि टोकाला जोडपात्याचं कार्ट्रिज सरकवून बसवायचं. आबांनी तो घेतला तेव्हा तू रांगत होतीस. पुढे तसली कार्ट्रिजं मिळेनात, म्हणून आबांनी तो डब्यात टाकला होता. दादानं तो शोधला, उजळला, कुठून कुठून न वापरलेली कार्ट्रिजं मिळवली, आणि मग दोघांची दाढी त्याच मुठीनं होऊ लागली. कार्ट्रिज मात्र ज्याचं त्याचं वेगळं. "मूठ घराची, पातं आपलं," असं म्हणायचा.

तो गेल्यावर रेझर त्याच्या कपातच उभा राहिला. त्यानं शेवटचं वापरलेलं कार्ट्रिज तसंच वर, त्यात वाळलेला साबण आणि त्याचे करडे खुंट. मी रोज बेसिन घासायचे, कपाभोवतीनं फडकं फिरवायचे, पण कप काही उचलायचे नाही.

पहिल्या आठवड्यात न्हावीदादा घरी येऊन आबांची दाढी करून गेले. मी चहा घेऊन गेले आणि माझ्या हातून कप सुटला. "कपाचा कान फार तापला होता," मी म्हणाले, आणि काचा वेचल्या. त्यानंतर आबांनी न्हाव्याला दारातूनच परत पाठवलं. पुढच्या वेळीही तेच. दाढी वाढत गेली. मला वाटलं, मुलाच्या हाताची सवय, दुसऱ्याचा हात कसा चालेल? मी आग्रह केला नाही. आणि मग त्या दिवशी तू मोबाईलच्या पडद्यावर त्यांना पाहिलंस आणि म्हणालीस, "वहिनी, आबांकडे बघायला कुणी नाही का गं तिथे?" मला लागलं. मागून आबा म्हणाले, "मला तुझ्याकडेच घेऊन जा." ते त्याहून लागलं. तू रविवारी गाडी घेऊन येते म्हणालीस. आबांनी लगेच बॅग भरायला घेतली.

मला एवढंच वाटलं की माझ्या घरातून ते असे विस्कटलेले जायला नकोत. म्हणून मी रेझरचा कप उचलला. कार्ट्रिज हलेना, साबण दगड झालेला. दादा व्हिनेगर वापरायचा एवढं आठवत होतं. सकाळी रेझर त्यात बुडवला आणि कामाला लागले. दुपारी आबा स्वयंपाकघरात आले, वाटीत डोकावले आणि जवळजवळ किंचाळले, "अगं सूनबाई, लोणचं घालतेस का त्याचं? चकाकी खाऊन टाकेल ते!" आणि खाल्लीच होती गं. मुठीवर एका बाजूला पिवळं पितळ उघडं पडलं. मला रडू आलं. आबा म्हणाले, "असू दे. पितळच होतं आत, काही लपवलेलं नव्हतं." मग स्वतःच खुर्ची ओढून बसले. कोमट पाणी, जुना टूथब्रश, खाचेत काडी, छोट्या स्प्रिंगवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. हात माझे, हुकूम त्यांचे. कितीतरी दिवसांनी ते इतकं बोलले. शेवटी दादाचं कार्ट्रिज सरकन सुटून माझ्या तळहातावर आलं. मी ते काडेपेटीत ठेवलंय. हसू नकोस.

नवं कार्ट्रिज बसवलं आणि म्हटलं, "आबा, बसा खुर्चीत." ते उठून आत जायला लागले. मी म्हटलं, "माझ्या हाताची भीती वाटते का?" ते दाराशीच थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या हातून कप का पडला, ते मला कळलं होतं पोरी. माझ्या तोंडावर तो दिसतो तुला. रोज सकाळी तुला ते का दाखवू? म्हणून वाढवली दाढी. आता जातोय तेही म्हणूनच."

धाकटे, मी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. टॉवेल गुंडाळला, फेस केला. आधी कात्रीनं, मग रेझरनं, दादासारखं बोटानं कातडी ताणून. दोनदा कापलं. आबा म्हणाले, "न्हावी बरा होता." आणि फेसाखालून हळूहळू ती हनुवटी वर आली. मी रडले, पण रडत रडत बघत राहिले. मग म्हटलं, "आबा, मला हे बघायचंय. रोज." खळीत साबण उरला होता. या वेळी खूण केली नाही, टॉवेलच्या टोकानं टिपला. रेझरची मूठ हातात घेऊन ते म्हणाले, "चकाकी गेली तरी मूठ हाताला तीच लागते, नाही?"

हे पत्र एवढ्यासाठीच की रविवारी तू जरूर ये, चार दिवस राहा, त्यांची दाढी कशी करायची ते मी तुला शिकवते. पण त्यांना न्यायला येऊ नकोस. इथंच राहाल ना, असं मी त्यांना विचारलं, ते नुसते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "धाकटीला तूच सांग, मला ओरडेल ती." दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची बॅग रिकामी केली, कपडे कपाटात लावले आणि पाणी तापत ठेवलं.

तुझीच,
वहिनी