लाडका गोलकीपर

सोमवार, ३ नोव्हेंबर
तिघांतला एक जाणार! क्लबला पुढच्या हंगामात दोनच गोलकीपर हवेत, आणि कोण राहणार ते लोक ठरवणार — मोबाइलवर, पंधरा दिवस मतदान. यंदा मी चार पेनल्टी अडवल्या, सत्यमनं एक, बद्रीनाथनं एकही नाही. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "रामेश्वर, गोल कुणीबी अडवतो. तुला बघायला येतं कोण?" सगळे हसले. मीही हसलो, गाढवासारखा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
सत्यम दोन हजार. बद्रीनाथ सातशे. मी एकशे सत्तर.
सत्यमला केस आहेत, हसू आहे. निम्मं चिकलठाणा गाव बद्रीनाथच्या नात्यातलं. मला धड चेहराही नाही! आज सिडकोत एकानं माझ्यासोबत सेल्फी काढला आणि सत्यमभाईचा नंबर मागितला.

रविवार, ९ नोव्हेंबर
सत्यमच्या दोन पायांमधून बॉल गेला! हरलो. बाकावर मला इतका आनंद झाला की तोंडावर टॉवेल धरावा लागला. तो रडला, आणि त्या रडण्याच्या व्हिडिओवर त्याला हजार मतं जास्त पडली. मेला तर बिनविरोध येईल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
लाज सोडून बाबांना फोन केला. देवगाव रंगारीत त्यांनी दोनदा पॅनल निवडून आणलंय. कुणाचं मत कुठं पडणार ते आदल्या दिवशी सांगतात. म्हटलं, बद्रीनाथ पाचशेनं पुढं आहे, गाव माझ्यामागं उभं करा. त्यांनी एवढंच विचारलं, हरलास तर काय? म्हटलं, तर घरी. बघतो म्हणाले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
आईचा फोन. बाबा घरोघर फिरतायत, समोर उभं राहून बटण दाबून घेतायत. माझा एकही सामना न बघितलेला माणूस! बाथरूममध्ये जाऊन रडलो.

सोमवार, १७ नोव्हेंबर
तिसरा. शेवटचा. गेलो.
मतदानाचं काम बघणाऱ्या प्रेरणानं गाववार यादी दाखवली. मत देताना गावाचं नाव लिहावं लागतं. देवगाव रंगारी: बद्रीनाथला सहाशे अठरा. मला तीन. "हे तुमचंच गाव ना?" ती म्हणाली. बाबा थकलेत, चष्मा जुना झालाय, चुकीच्या नावावर बोट पडत गेलं असेल. सहाशे वेळा? मी निघताना बद्रीनाथ गळ्यात पडला. त्याचा हात मोडावा असं वाटलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
बाबांना विचारलंच. म्हणाले, "चुकून नाय झालं. बत्तीस वर्षांचा झालास, अजून किती दिवस बाकावर बसायचं? ये घरी."
ती तीन मतं कुणाची, विचारलं.
"एक तुझ्या आईचं. लई समजावलं, ऐकलंच नाय."